कॅमेऱ्याचा इंडेंट: विलायतेहून फोटोचं सामान कसं येत असे



मागच्या भागात आपण १८५७ नंतरच्या दिल्लीचे काही जुने फोटो पाहिले. त्यावर इंदूर, बडोदा, हैदराबाद, बेळगाव अशा चारी दिशांनी प्रश्न आले आणि त्यांतला एक पुन्हा पुन्हा आला. त्या काळी आपल्याकडे कॅमेरा बनत नव्हता, भिंग बनत नव्हतं, फोटोचा कागद बनत नव्हता. मग हे सगळं मागवलं कोणी, कसं, आणि पोचायला किती दिवस लागले?

प्रश्न माझ्या आवडीचा आहे. माझी फौजेतली नोकरी ऑर्डनन्स कोअरमध्ये गेली. आमचं काम म्हणजे कुठल्या ठाण्याला काय लागतं, ते कुठून येणार, किती दिवसांत येणार आणि वाटेत त्यातलं किती फुटणार, याचा हिशेब. त्यामुळे इतिहासकार जुन्या फोटोकडे बघतात तेव्हा माझं लक्ष त्या फोटोमागे उभ्या असलेल्या बैलगाडीकडे जातं. आज त्या बैलगाडीबद्दलच बोलू.

डागेरची पद्धत पॅरिसमध्ये ऑगस्ट १८३९ मध्ये जाहीर झाली. १८४० च्या सुरुवातीलाच कलकत्त्याच्या थॅकर कंपनीने 'फ्रेंड ऑफ इंडिया' या पत्रात डागेरोटाइप कॅमेऱ्यांची जाहिरात दिली होती. म्हणजे बातमी आणि माल दोन्ही चारपाच महिन्यांत समुद्र ओलांडून आले. हा वेग आजही थक्क करतो. पण जाहिरात येणं वेगळं आणि तुमच्या हातात चालता कॅमेरा असणं वेगळं.

समजा १८५० च्या सुमारास तुम्ही मुंबईत आहात आणि लंडनच्या रॉससारख्या भिंगवाल्याकडून सामान मागवायचं आहे. तुमचं पत्र 'ओव्हरलँड' डाकेने जाणार: मुंबईहून आगबोटीने सुएझ, तिथून वाळवंट ओलांडून अलेक्झांड्रिया, पुन्हा आगबोट. महिना-सव्वा महिना. पत्र लवकर जाई, पण जड पेट्या त्या वाटेने पाठवणं फार महाग. त्या शिडाच्या जहाजातून केप ऑफ गुड होपला वळसा घालून येत, म्हणजे साधारण चार महिने. मधे बनवण्याचा, बांधणीचा आणि जहाजाची वाट पाहण्याचा वेळ धरा. सगळं सुरळीत झालं तर सहासात महिने. तुम्ही दिल्लीत असाल तर त्यापुढे कलकत्ता ते दिल्ली हा प्रवास आहे, नदीतून होडीने आणि ग्रँड ट्रंक रस्त्यावरून बैलगाड्यांनी. १८५७ मध्ये दिल्लीला रेल्वे नव्हती. कलकत्त्याकडची गाडी यमुनेच्या पलीकडच्या काठाला १८६४ मध्ये लागली, आणि यमुनेवरचा जुना लोखंडी पूल त्यानंतरचा.

पैसे कसे पाठवायचे? कंपनीच्या अधिकाऱ्यांचे लंडनमध्ये एजंट असत. ते पगार-पेन्शन सांभाळत, जहाजाची तिकिटं काढत, सामान खरेदी करून पेट्या रवाना करत. त्यांतली एक पेढी ग्रिंडले, स्थापना १८२८. आमच्या पिढीतल्या पुष्कळांना ग्रिंडलेज बँक आठवत असेल, ती इथूनच निघाली. पेढीचा संस्थापक कॅप्टन रॉबर्ट ग्रिंडले हा मुंबईच्या फौजेतला माणूस, आणि स्वतः उत्तम चित्रकार. पश्चिम हिंदुस्थानच्या देखाव्यांचं त्याचं मोठं पुस्तक आहे. ज्याच्यामागे असा एजंट होता, त्याला विलायतेहून सामान मागवणं म्हणजे एक पत्र लिहिणं होतं. गिरगावातल्या किंवा सदाशिव पेठेतल्या माणसामागे असा एजंट नव्हता.

इथपर्यंत कॅमेऱ्याची गोष्ट झाली. पण कुठल्याही स्टोअरवाल्याला विचारा, तो सांगेल की यंत्र एकदाच येतं, खाणं रोज लागतं. कॅमेरा म्हणजे शेवटी चांगल्या सुताराने केलेली पेटी. भिंग सोडलं तर आपल्याकडचा मिस्त्रीही ती करू शकला असता. खरा इंडेंट रसायनांचा होता.

काय काय लागे ते बघा. कागदाच्या निगेटिव्हसाठी चांगल्या प्रतीचा विलायती कागद, पोटॅशियम आयोडाइड, सिल्व्हर नायट्रेट, गॅलिक आम्ल, चित्र पक्कं करायला हायपो. यांतलं इथे काय मिळे? कागदाला चोपडायचं मेण मिळे. पाणी मिळे, पण तेही कसलंही चालत नसे. दिल्लीच्या कित्येक विहिरींचं पाणी खारं. असल्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेट घातलं की दुधासारखा पांढरा साका तळाशी बसतो आणि चांदी वाया जाते. म्हणून पावसाचं साठवलेलं किंवा ऊर्ध्वपातन केलेलं पाणी.

चांदी तर आपल्याकडे होतीच. १८३५ नंतरचा कंपनीचा रुपया १८० ग्रेनचा आणि त्यात १६५ ग्रेन शुद्ध चांदी. नायट्रिक आम्लात तो विरघळवला तर हिशेबाने सतराएक ग्रॅम सिल्व्हर नायट्रेट निघतं. फक्त रुपयात तांबंही आहे, ते आधी वेगळं काढावं लागतं, नाहीतर द्रावण निळं होतं आणि फोटो बिघडतो. सोनारांना तेजाबाचं काम माहीत होतं, त्यांनी हे सहज केलं असतं. आणखी एक गंमत. नायट्रिक आम्ल तेव्हा सोऱ्यापासून करत, आणि चिलीचा सोरा बाजारात उतरेपर्यंत बिहारचा सोरा जहाजं भरभरून इंग्लंडला जात होता. म्हणजे कच्चा माल इथला, आणि बाटली मात्र मेणाने बुच बंद करून तिकडून यायची. पुढे कापसाचं काय झालं हे वेगळं सांगायला नको.

१८५१ मध्ये कलोडियनची ओली काच आली. चित्र फार बारकाव्याचं आणि लवकर उमटणारं, पण सामान वाढलं. कलोडियन म्हणजे गनकॉटन, ईथर आणि अल्कोहोल यांचं मिश्रण. गनकॉटन काय चीज आहे ते मला सांगू नका, आमच्या खात्यात त्याच्यासाठी वेगळं गोदाम असतं. आणि ईथर साधारण ३५ अंशांना उकळतं. मे महिन्यात दिल्लीत सावलीतला पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला असतो. बुच जरा सैल असलं तर पेटी उघडेपर्यंत बाटली निम्मी. काचेवर कलोडियन ओतायचं, ते चांदीच्या द्रावणात बुडवायचं, ओलं असतानाच कॅमेऱ्यात घालायचं, फोटो घ्यायचा आणि ओलं असतानाच अंधाऱ्या तंबूत धुवायचं. लंडनच्या थंडीत दहापंधरा मिनिटं मिळत. इथे उन्हाळ्यात तितकी कुठली?

आता एक गोष्ट ध्यानात घ्या. पोटॅशियम आयोडाइड, सिल्व्हर नायट्रेट, ईथर, हे सगळं आणखी कुणाच्या कपाटात असतं? डॉक्टरच्या! सिल्व्हर नायट्रेट जखम जाळायला, ईथर भूल द्यायला, आणि कलोडियनसुद्धा जखमेवर पातळ पापुद्रा बसवायला वापरत. जुन्या फोटोग्राफरांची यादी काढली की त्यात इतके डॉक्टर का सापडतात, याचं माझ्या मते हेच खरं कारण आहे. 'कलेची आवड' वगैरे पुस्तकात लिहायला ठीक. आवड पुष्कळांना असते, औषधांचं कपाट मोजक्यांकडे असतं.

आग्र्याचा सिव्हिल सर्जन डॉ. जॉन मरे हे एक उदाहरण. ताजमहालाचे त्याने घेतलेले कागदी निगेटिव्ह सोळा बाय वीस इंचांच्या आसपासचे, म्हणजे लहान खिडकीएवढे. मुंबई इलाख्यात बॉम्बे आर्टिलरीचा कॅप्टन थॉमस बिग्ज याला १८५५ मध्ये विजापूर, बदामी, ऐहोळेच्या इमारतींचे फोटो काढायला नेमलं. तो फौजी कामावर परत गेला तेव्हा त्याच्या जागी आला विल्यम पिगू, तोही सर्जनच. कंपनी सरकारला तेव्हा जुन्या वास्तूंची चित्रं हाताने काढून घेण्यापेक्षा फोटो स्वस्त वाटायला लागले होते. कंपनीच्या अ‍ॅडिसकोंब इथल्या लष्करी विद्यालयात १८५५ पासून कॅडेटना फोटोग्राफी शिकवायला सुरुवात झाली ती त्याच विचाराने.

आणि आपले लोक? ऑक्टोबर १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. कलकत्ता आणि मद्रासच्या सोसायट्या त्यानंतर, १८५६ च्या. मुंबईच्या सोसायटीत पहिल्यापासून जे मोजके हिंदी लोक होते त्यांत डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी. दोघेही ग्रँट मेडिकल कॉलेजचे. पुन्हा डॉक्टर! नारायण दाजींचे फोटो सोसायटीच्या प्रदर्शनात मांडले गेले आणि ते तिच्या कौन्सिलवरही होते. सोसायटीचा खरा उपयोग मला दिसतो तो असा, की एकट्यादुकट्याला जे मागवणं परवडत नाही ते दहाजण मिळून मागवू शकतात, आणि एकाची बाटली फुटली तर दुसऱ्याकडून उसनी आणता येते. त्याच सुमारास एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग निघाला. सामान संस्थेचं, विद्यार्थ्याने फक्त शिकायचं. त्या वर्गातून हरिश्चंद्र चिंतामण बाहेर पडले आणि त्यांनी मुंबईत स्वतःचा स्टुडिओ घातला. वर्ग फार वर्षं चालला नाही. पण ज्या क्षणी इंडेंट संस्थेने भरला त्या क्षणी मराठी मुलुखातला माणूस कॅमेऱ्यामागे उभा राहिला, हे मात्र नोंदवून ठेवा. आपल्या लोकांना ही विद्या उशिरा कळली असं जे लिहिलं जातं ते मला पटत नाही. विद्या वेळेवर पोचली होती, पेटी पोचत नव्हती.

आता दिल्लीत या. सप्टेंबर १८५७ मध्ये इंग्रजांनी शहर परत घेतलं. १८५८ साली इथे तीन कॅमेरे फिरत होते असं म्हणायला हरकत नाही: आग्र्याहून आलेला मरे, क्रिमियाचं युद्ध टिपून आलेला फेलिचे बिआतो, आणि या दोघांकडून धडे घेतलेले रॉबर्ट व हॅरिएट टायटलर हे जोडपं. रॉबर्ट ३८ व्या नेटिव्ह इन्फंट्रीचा अधिकारी. हॅरिएट वेढ्याच्या काळात रिजवर होती, तिचं मूल जून १८५७ मध्ये तिथेच एका गाडीत जन्मलं. या दोघांनी मिळून पाचशेच्या आसपास मोठे कागदी निगेटिव्ह केले. काचेचं तंत्र माहीत असताना कागद का? माझ्यासारख्याला विचाराल तर उत्तर सोपं आहे. कागद फुटत नाही, हलका असतो, आणि आदल्या दिवशी तयार करून ठेवता येतो. जिथे रसद लांबून येते तिथे थोडं कमी चांगलं पण टिकाऊ सामान नेहमी जिंकतं.

हे सगळं महत्त्वाचं का, तर लाल किल्ल्यात जाऊन बघा. दिवाण-ए-आम आणि दिवाण-ए-खासच्या मधे, आजूबाजूला जी मोकळी हिरवळ आणि बराकी दिसतात, तिथे राजवाड्याचे चौकच्या चौक उभे होते. १८५७ नंतर इंग्रजांनी ते पाडले. पाडापाडीच्या आधी किंवा ती चालू असताना त्या महिन्यांत दिल्लीत ज्यांच्याकडे चांगलं आयोडाइड आणि चांगला कागद होता, त्यांनी जेवढं टिपलं तेवढंच आज डोळ्यांना दिसतं. कैदेतल्या बहादूरशहा जफरचा १८५८ मधला फोटो तुम्ही सगळ्यांनी पाहिला असेल, पलंगावर टेकलेला थकलेला म्हातारा. ज्या बादशहाच्या नावावर एवढी चित्रं रंगवली गेली त्याचा कॅमेऱ्याने घेतलेला चेहरा आपल्याकडे आहे, तो अशाच एका पोचलेल्या पेटीमुळे.

याची दुसरी बाजूही सांगतो, कारण दर जून महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपवर मला एक फोटो येतो. 'झाशीच्या राणीचा एकमेव अस्सल फोटो, १८५० साली कलकत्त्याच्या हॉफमनने काढलेला.' माझी पाठवणाऱ्यांना विनंती आहे, भावना बाजूला ठेवून इंडेंट तपासा. कलकत्त्यात या नावाचा जो प्रसिद्ध स्टुडिओ होता, जॉन्स्टन अँड हॉफमन, तो १८८० च्या सुमारास निघाला. राणी लक्ष्मीबाई १८५८ मध्ये धारातीर्थी पडल्या. आणि १८५० मध्ये ओल्या काचेची पद्धत निघालीसुद्धा नव्हती. तो फोटो राणीसाहेबांचा आहे असं सांगणाऱ्याने आधी सामान कुठून आलं ते सांगावं.

पुढचा काळ जरा भराभर सांगतो. १८६३ मध्ये सॅम्युअल बोर्न सिमल्याला आला आणि दहा आठवडे हिमालयात फिरला, बरोबर तीसएक हमाल. ऐकणाऱ्याला हा साहेबी थाट वाटतो. पण बारा बाय दहा इंचांची तीन मिलिमीटर जाडीची काच तोलून बघा, अर्ध्या किलोहून जास्त भरते. शंभर काचा म्हणजे पन्नाससाठ किलो, नुसत्या काचा. त्यात बाटल्या, तबकं, अंधारी कोठडी म्हणून तंबू, खाणं. मी स्वतः डोंगरातल्या ठाण्यांना पाठीवरून सामान चढवलं आहे. तीस माणसं मला अजिबात जास्त वाटत नाहीत. या कामाचा मोबदला आणि नाव कोणाला मिळालं आणि पाठीवर काचा कोणी वाहिल्या, याचा विचार मात्र ज्याने त्याने करावा.

नोव्हेंबर १८६९ मध्ये सुएझ कालवा उघडला आणि केपचा वळसा संपला. जड पेटीसुद्धा मुंबईला महिनाभरात येऊ लागली. १८७० मध्ये समुद्रातली तार मुंबईपर्यंत पोचली, म्हणजे ऑर्डर काही तासांत. मग १८८० च्या दशकात जिलेटिनच्या कोरड्या काचा आल्या, पुठ्ठ्याच्या डब्यात, तयार. ईथर गेलं, गनकॉटन गेलं, चांदीच्या द्रावणाने काळे होणारे हात गेले. उन्हाळ्यात जिलेटिन पाण्यात सुटून येई ही नवी डोकेदुखी होती, त्यावर तुरटी आणि बर्फ हा इलाज. पण एकूण इंडेंट दहा ओळींवरून तीन ओळींवर आला.

याच बदलत्या काळात इथलाच, मेरठजवळच्या सरधन्याचा मुलगा, लाला दीनदयाळ, पुढे आला. जन्म १८४४, रुडकीच्या कॉलेजात इंजिनिअरिंग, १८६६ पासून इंदुरात सरकारी नोकरी. फोटोचा नाद लागला १८७४ च्या सुमारास, आणि पाठीशी उभे राहिले तुकोजीराव होळकर दुसरे. इंदूरकरांनी याचा अभिमान जरूर बाळगावा. संस्थानिकाचा आश्रय म्हणजे नुसती कौतुकाची थाप नव्हे, विलायतेची बिलं भागवणारी तिजोरी. पुढे त्यांचे स्टुडिओ इंदूर, सिकंदराबाद आणि मुंबईत होते. त्यांच्या अडीच हजारांहून अधिक काचेच्या निगेटिव्ह आज दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात आहेत. आणि ती पितळी भिंगांची, सागवानी-महोगनी पेट्यांची यंत्रं प्रत्यक्ष बघायची असतील तर गुरुग्रामच्या सेक्टर २८ मधलं म्युझिओ कॅमेरा गाठा. दिल्लीला आलेल्या पाहुण्यांना मी कुतुबमिनारनंतर तिथेच नेतो.

आता शेवटची ऑर्डर, आणि ती पूर्णपणे मराठी माणसाची. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, लोक त्यांना सावेदादा म्हणत. मुंबईत फोटोग्राफीचा व्यवसाय. ७ जुलै १८९६ ला वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंचा हलत्या चित्रांचा खेळ झाला. तो पाहून सावेदादांनी ठरवलं, आपल्याला हे यंत्र पाहिजे. आणि त्यांनी विलायतेहून रायली ब्रदर्सचा चलच्चित्र कॅमेरा मागवला, किंमत २१ गिनी.

२१ गिनी म्हणजे किती? गिनी एकवीस शिलिंगांची, म्हणजे ४४१ शिलिंग. शतकाच्या शेवटी रुपयाचा भाव एक शिलिंग चार पेन्सच्या आसपास ठरला होता, त्या भावाने सुमारे ३३० रुपये. १८७० च्या सुरुवातीला हाच रुपया जवळजवळ दोन शिलिंगांचा होता, तेव्हा हेच यंत्र सव्वादोनशेला पडलं असतं. मधल्या काळात जगात चांदी घसरली आणि रुपया तिच्याबरोबर घसरला. सरकारने १८९४ पासून आयात मालावर पाच टक्के जकात पुन्हा लावली होती, ती वेगळी. म्हणजे सुएझने जे दिवस वाचवले त्याची किंमत चांदीने वसूल केली. तरीही या गृहस्थांनी पैसे मोजले, आणि तेही कुठल्या संस्थानाच्या तिजोरीतून नव्हे, दुकानाच्या गल्ल्यातून.

१८९९ मध्ये त्यांनी मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये पुंडलिकदादा आणि कृष्णा न्हावी या दोन पैलवानांची कुस्ती चित्रित केली. फिल्म धुण्याची सोय इथे नव्हती, म्हणून ती लंडनला पाठवली. विचार करा: कुस्ती संपली, पैलवान घरी गेले, आणि चित्र उमटलं की नाही हे कळायला फिल्म समुद्रापार जाऊन परत यायची वाट बघायची. मग डिसेंबर १९०१ मध्ये रँग्लर परांजपे केंब्रिजहून परतले, त्यांच्या स्वागताचं चित्रण सावेदादांनी केलं. आपल्याकडच्या बातमीपटांची सुरुवात तिथून मोजतात. दहा वर्षांनी फाळक्यांनी तर पत्रव्यवहाराचा मार्गच सोडला. १९१२ मध्ये ते स्वतः लंडनला गेले, यंत्र हाताळून बघितलं, विल्यमसनचा कॅमेरा आणि फिल्मला भोकं पाडायचं यंत्र पसंत केलं. सामान मागवण्यातला सगळ्यात जुना नियम त्यांनी पाळला: जमलं तर स्वतः जाऊन बघा.

सावेदादांचं दिल्लीशीही नातं आहे. १ जानेवारी १९०३ ला लॉर्ड कर्झनने इथे दरबार भरवला. त्या सोहळ्याचं चित्रण त्यांच्या नावावर आहे. जागा शहराच्या उत्तरेला, बुराडी रस्त्याजवळ, आज तिला कॉरोनेशन पार्क म्हणतात. इंडिया गेटजवळच्या छत्रीखालून हलवलेला पाचव्या जॉर्जचा पुतळाही आता तिथेच उभा आहे. मेट्रोने जी.टी.बी. नगरला उतरून पुढे ई-रिक्षा करा. सकाळी नऊच्या आत जा, नंतर ऊन फार होतं.

पुढच्या रविवारी यमुनेवरच्या लोखंडी पुलाबद्दल बोलू. काही जणांनी त्याबद्दल विचारलं होतं.